सोसायटीत रुपयाऐवजी 'तास' चालवायचे आहेत, जमेल का?

अनुजा_नाशिक
नमस्कार मंडळी. नाशिकला आमची एकशेवीस फ्लॅटची सोसायटी आहे, निम्मे लोक रिटायर्ड, निम्मे नोकरीवाले आणि त्यांची शाळकरी पोरं. कुणाला पोराला गणित शिकवायला माणूस मिळत नाही, कुणाला मोतीबिंदू दाखवायला जायचंय तर गाडी चालवणारं घरात कुणी नाही, आणि गणिताचे निवृत्त सर तिसऱ्या मजल्यावर दिवसभर पेपर वाचत बसलेले. पैसे देऊ म्हटलं तर दोघांनाही कसंतरी होतं, फुकट करून घ्यायचं तर दुसऱ्यांदा सांगायला तोंड होत नाही. म्हणून आम्ही चारपाच जणांनी ठरवलंय की आपलं आपलं एक चलन काढायचं, नाव 'तास'. कुणी कुणासाठी तासभर काम केलं की त्याला एक तास. जाड कागदावर कुपनं छापायची, सोसायटीचा शिक्का मारायचा, सुरुवातीला प्रत्येक घराला दहा-दहा द्यायची. रुपयाशी संबंध नाही, विकायचं नाही, व्याज नाही.

प्रश्न दोनच. असं कुठे चाललंय का, आणि कायद्यात बसतं का? थट्टा केलीत तरी चालेल, घरी चालूच आहे.

वात्रट_मुलगा
पहिला!

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने स्वतःचं चलन केव्हाच काढलंय. सुट्टे नाहीत म्हणतो, एक रुपयाला एक चॉकलेट. मी ती साठवली आणि एक दिवस मूठभर चॉकलेटं घेऊन ब्रेड आणायला गेलो तर म्हणे हे चालत नाही. अहो तुमचीच नोट आहे ही!

सुधीरकाका
वात्रटा, चेष्टेत नेमकं बोललास. चलन काढायला अक्कल लागत नाही, काढलेलं परत घेणारा कोण हे आधी ठरवावं लागतं. माझं आयुष्य बँकेत गेलं म्हणून सवयीने विचारतो, अनुजाताई, एखाद्याने चाळीस तास काम केलं आणि बदली होऊन गेला, त्याच्या कुपनांचं काय? आणि दुसऱ्याने चाळीस तास करून घेतले आणि फ्लॅट विकून गेला, तर ते कुणाच्या नावावर टाकायचे?

मोगरा
वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अभ्यासू_नाना
कुठे चाललंय का, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रियातलं व्योर्गल. १९३२ साल, मंदी, गावात बेकारी, नगरपालिकेची करवसुली थकलेली. उंटरगुगेनबर्गर नावाचे महापौर होते (हे नाव मी दोनदा तपासून टाइप केलंय), त्यांनी बँकेत शिलिंग तारण ठेवून जुलैमध्ये स्वतःच्या नोटा काढल्या आणि त्यातून मजुरांना रस्त्यांच्या आणि पुलाच्या कामाची मजुरी दिली. गंमत अशी की त्या नोटेची किंमत दर महिन्याला एक टक्का घटायची. महिना उलटला की एक टक्क्याचं तिकीट विकत घेऊन नोटेवर चिकटवायचं, तरच ती पूर्ण किमतीला चालणार. त्यामुळे नोट कुणी गादीखाली ठेवेना, हातात आली की खर्च, लोक थकलेला कर भरायला लागले, काही जण तर आगाऊ. कल्पना सिल्व्हिओ गेझेल नावाच्या गृहस्थांची, त्यांचं म्हणणं की धान्य किडतं, लोखंड गंजतं, मग पैशानेच का म्हणून तसंच्या तसं राहावं.

आजूबाजूची गावं आमच्याकडेही काढू म्हणायला लागली, मग ऑस्ट्रियाच्या नॅशनल बँकेला जाग आली आणि सप्टेंबर १९३३ मध्ये प्रयोग बंद.

सातोशीचा_भाऊ
बघा! चालत होतं, लोक खूश होते, आणि सेंट्रल बँकेने गळा दाबला. दरवेळी हेच. अनुजाताई, तुम्ही करताय ते भारी आहे पण अर्धवट आहे, सोसायटीचा शिक्का म्हणजे पुन्हा एक छोटं सरकारच झालं ना. पैसा छापायची मक्तेदारी सरकारकडे का असावी हे अर्थतज्ज्ञ हायेकने १९७६ मध्येच विचारलंय. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता टीव्हीवर कुणीतरी येऊन सांगतो की तुमच्या खिशातले कागद उद्यापासून कागदच, चलनातली किमतीच्या हिशेबाने ८६ टक्के रक्कम एका भाषणात गेली. ज्याला हे करता येतं त्याच्या हातात मी माझी बचत का ठेवू? बिटकॉइन घ्या, कुणाच्या परवानगीची गरज नाही.

सुधीरकाका
भाऊ, परवानगीची गरज नाही म्हणता आणि ते घ्यायला एक्स्चेंजवर पॅन आणि आधार अपलोड करता. वर एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, जुलैपासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. सरकार तुमच्या मागे उभं नसेल, पण वाट्याला हजर आहे.

आणि चलन म्हणजे ज्याने भाजी आणता येते ते. २२ मे २०१० ला एकाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतले, त्यानंतर शहाण्या माणसाने बिटकॉइन देऊन काही खायचं सोडूनच दिलं. सगळे धरून बसलेत. नानांच्या नोटेच्या बरोबर उलटा प्रकार.

वात्रट_मुलगा
त्या पिझ्झ्याला टिप किती दिली असेल?

सातोशीचा_भाऊ
काका, धरून बसणं हा वापरच आहे, बचत म्हणतात त्याला. पण मुद्दा पोचला. अल साल्वादोरने २०२१ मध्ये कायदेशीर चलन केलं तेव्हा मीही नाचलो होतो, आता सक्ती काढून घेतलीय त्यांनी. मुळात सक्ती करायलाच नको होती, ते काही ऐच्छिक नव्हतं.

सीए_आहे_पण
(हा व्यावसायिक सल्ला नाही, फी दिलेली नाही.)

अनुजाताई, कुपनं छापू नका. रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ आहे, 'धारकाला मागताक्षणी' पैसे देण्याचं वचन देणारी हुंडी, प्रॉमिसरी नोट वगैरे रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणालाही काढता येत नाही. तुमचा तास पैशांत बदलून मिळणार नाही म्हणजे तो थेट या कलमात बसत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण शिक्का मारलेला, हातोहात फिरणारा कागद हा कुणीतरी फोटो काढून तक्रार करण्यासारखा प्रकार आहे आणि सोसायटीत तक्रार करणारा एक तरी असतोच. धातूची टोकनं तर डोक्यातही आणू नका, त्याविरुद्ध इंग्रजांनी १८८९ मध्येच कायदा केला होता, आता नाणे कायदा २०११ आहे. अमेरिकेत लिबर्टी डॉलर नावाने चांदीची नाणी काढणाऱ्याला २०११ मध्ये कोर्टाने दोषी धरलं.

नावावरची नोंद ठेवा, वही म्हणा, एक्सेल म्हणा. शेजाऱ्याने शेजाऱ्याची गाडी चालवली याची नोंद ठेवायला कुणी बंदी घातलेली नाही. फक्त धंदेवाले यात आणू नका. जीएसटी कायद्यात पुरवठ्याच्या व्याख्येत वस्तुविनिमयही आहे, रुपया दिसला नाही म्हणजे कर लागत नाही असं नसतं. तुमच्यातले कुणी क्लासवाले असतील आणि त्यांनी क्लासची फी तासांत घेतली तर तो त्यांचा धंदाच.

वर्धेकर
हे सगळं आपल्याकडे होतंच की. आमच्याकडे इर्जिक असते. एखाद्याचं वावर मागे राहिलं, बैल मेला, घरात आजारपण, तर गाव जमतं, वीसपंचवीस माणसं एका दिवसात काम उरकतात, तो फक्त जेवण घालतो. कुणी लिहून ठेवत नाही. पौनारला विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग केला, आश्रमाने पैसा वापरायचाच नाही, पिकवायचं तेच खायचं, सूत काढायचं तेच नेसायचं, बैलसुद्धा न लावता शेती. काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणीच १९२४ मध्ये सुतात घ्यायचं ठरलं होतं, महिन्याला २००० वार. पुढे चरखा संघाने खादीच्या किमतीतला थोडा हिस्सा सुतातच भरा असं सुरू केलं. आणि त्याआधी बलुतेदारी. गावगाडा पैशाशिवाय चालायचाच ना?

कोल्हापुरी_चप्पल
दादा, इर्जिकीत लिहीत नसतील पण आमच्याकडच्या पैऱ्यात डोक्यात पक्का हिशेब असतो. आज तू माझ्या भांगलणीला, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस, बाईला बाई, गड्याला गडी. आईला विचारा, कुणाच्या घरचा किती पैरा फेडायचा राहिलाय ते ती झोपेतही सांगेल. आणि म्हातारी सासू पाठवून धडधाकट सुनेचा पैरा फेडायचा प्रयत्न केला की बांधावर भांडण ठरलेलं.

मोडला कशाने, तर ट्रॅक्टरने. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचं अर्ध्या तासात होतं, तो तुमच्याकडे दिवसभर वाकायला कशाला येईल. मग त्याने भाडं सांगितलं, भाड्याला रुपये लागले, रुपयाला रोजंदारी.

प्रज्ञा_स
वर्धेकर, बाकी सगळं मान्य पण बलुतेदारी या यादीत घालू नका प्लीज. ती ऐच्छिक नव्हती. आमच्या पणजोबांना गावाने बोलावलं की जावं लागायचं, सरकारी टपाल न्या, मेलेलं जनावर ओढा, सांगावा पोचवा, वेळकाळ नाही, आणि सुगीला खळ्यावर जे हातावर टाकतील ते बलुतं. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल बिल आणलं ते उगाच नाही, आणि ती वतनं कायद्याने जायला १९५८ उजाडलं. आमच्या घरातला पहिला माणूस सुटला तो गिरणीत रोख पगार घेऊन. रुपयावर जात लिहिलेली नसते, तो घेऊन दुसऱ्या गावाला, दुसऱ्या दुकानात जाता येतं. तुमच्या सुंदर पैशाशिवायच्या गावातून तेच तर करता येत नव्हतं.

त्यामुळे अनुजाताई, माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, लिफ्टवाला दादा हे या तासांत आहेत का? असतील तर त्यांचा एक तास आणि आयटीवाल्याचा एक तास सारखा का? आणि पगाराच्या जागी कुणी त्यांच्या हातात तास टेकवणार नाही ना?

वर्धेकर
ताई, पटलं. बलुतेदारी मागे घेतो. इर्जिक ठेवतो.

सातोशीचा_भाऊ
प्रज्ञाताई, तुम्ही म्हणताय तेच मी म्हणतोय, बाहेर पडता आलं पाहिजे! आणि बाबासाहेबांनीच १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधात सरकारच्या हातात चलनाची मनमानी देऊ नका असं लिहिलंय.

प्रज्ञा_स
लिहिलंय, पण त्यांचा उपाय प्रत्येकाने आपापलं चलन काढा असा नव्हता हो. रुपयाची टाकसाळ सरकारला आणि जनतेला दोघांनाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडा, म्हणजे किती रुपये असावेत हे कुणाच्या लहरीवर राहणार नाही, असं होतं ते. अर्धं वाक्य उचलू नका.

अडाणी_बाबू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वात्रट_मुलगा
बाबू, काय लिहिलं होतंस? आता झोप येणार नाही.

मीनलताई
मी भिशीवाली, मला चलनबिलन कळत नाही पण माणसं कळतात. आमची बायकांची भिशी बरीच वर्षं चाललीय, चिठ्ठी काढतो, ज्या बाईचं नाव येईल तिला सगळी रक्कम. कागद नाही, सही नाही. एकदा एक बाई नवीन आली, पहिल्याच महिन्यात तिची चिठ्ठी निघाली, पैसे घेतले आणि दोन हप्ते भरून फोन बंद. नंतर कळलं घर सोडून गेली. बाकीच्यांनी वर्गणी काढून भरलं कारण भिशी मोडली तर पुन्हा कुणी बसणार नाही. तेव्हापासून नवीन बाईचं नाव शेवटी, आणि तिला आणणारी जुनी बाई जामीन. अनुजा, तू प्रत्येक घराला दहा तास आधीच वाटणार म्हणतेस ना, ते म्हणजे सगळ्यांची पहिली चिठ्ठी काढल्यासारखं झालं बघ.

व्हँकुव्हरची_वैदेही
मीनलताईंचं अगदी बरोबर. यावर उपाय आमच्या प्रांतातच निघालाय. व्हँकुव्हर बेटावर कोमॉक्स व्हॅली म्हणून भाग आहे, १९८३ मध्ये तिथे मायकल लिंटन यांनी लेट्स नावाची पद्धत सुरू केली. कुपन नाही, आधी वाटप नाही, सगळे शून्यावर. मी तुमच्याकडे दोन तास काम केलं की माझं अधिक दोन, तुमचं वजा दोन. सगळ्यांची बेरीज केव्हाही केली तरी शून्य. 'किती छापायचे' हा प्रश्नच येत नाही, तास कामातूनच जन्मतात. प्रत्येकाचं खातं सगळ्यांना उघड दिसतं, आणि वजामध्ये किती जाऊ द्यायचं याची मर्यादा घालायची.

आणि आधी वाटलेल्या कुपनांचं काय होतं त्याचा किस्सा. वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिलवर दीडएकशे जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळायची सोय केली होती, अर्ध्या तासाला एक कुपन. झालं काय, प्रत्येकाला वाटलं गाठीला थोडी कुपनं असावीत, म्हणून सगळे मुलं सांभाळायला तयार आणि बाहेर जायला कुणी तयार नाही. कुणीच बाहेर जात नाही तर सांभाळायला मुलं कुठून येणार? त्यात कमिटी वर्गणीही कुपनांतच घ्यायची, ती आणखी बाजूला पडायची. आधी नियम केला की इतक्या वेळा बाहेर गेलंच पाहिजे, नाही जमलं. मग जास्त कुपनं वाटली, गाडी सुरू झाली, आणि काही काळाने इतकी झाली की सगळे बाहेर जायला तयार, सांभाळायला कुणी नाही. त्या गटातल्याच एका जोडप्याने १९७७ मध्ये हे लिहून ठेवलंय.

सुधीरकाका
वा वैदेही. अख्खी मंदी आणि महागाई पाळणाघरात.

अर्जेंटिनात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९५ मध्ये ब्वेनोस आइरेसजवळच्या बेर्नालमध्ये वीसएक शेजाऱ्यांनी अदलाबदलीचा क्लब काढला, 'क्रेदितो' नावाची चिठ्ठी. २००१-०२ च्या संकटात बँका बंद, पेसोचा पत्ता नाही, आणि लाखो लोक यात आले. मग खोट्या चिठ्ठ्या आल्या, वारेमाप छपाई झाली, भाव भडकले आणि वर्षाच्या आत बहुतेक क्लब बसले. सरकारने बंद पाडले नाहीत बरं का भाऊ, आपल्या आपण बसले. वीस शेजारी होते तेव्हा चाललं, चेहरे ओळखेनात तेव्हा संपलं.

बाझेलकर
इथे बाझेलला वीर बँक आहे, १९३४ ची, म्हणजे व्योर्गलची भावंडंच, तीही गेझेलच्या विचारातून निघालेली. ती आजही चालू आहे. लहान धंदेवाले एकमेकांना काही रक्कम फ्रँकमध्ये आणि काही वीरमध्ये देतात, किंमत फ्रँकइतकीच पण रोख काढता येत नाही, फिरवावीच लागते. टिकली याचं कारण विचाराल तर तिने सुरुवातीलाच, १९३६ मध्ये, रीतसर बँकेचा परवाना घेतला आणि गेझेलचं घटतं मूल्य पुढे सोडून दिलं. तत्त्वनिष्ठ लोक नाराज, दुकान चालू.

आणि नाना, व्योर्गलच्या नोटा चालल्या याचं खरं कारण तिकीट नव्हतं असं मला वाटतं. नगरपालिका त्या कर म्हणून परत घेत होती. ते सरकारच्या बाहेर नव्हतंच, छोट्या सरकारने मोठ्या सरकारला घातलेला वळसा होता.

अभ्यासू_नाना
हे मात्र खरंय. सुधीरकाकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तेच, परत घेणारा कोण. फक्त तिकिटालाही थोडं श्रेय द्या, नुसत्या करासाठी कुणी आगाऊ भरत नाही.

कोल्हापुरी_चप्पल
नोटबंदीत आमच्या गावात दोनेक महिने किराणाच्या वहीवर चाललं. दूध डेअरीला घालायचं, डेअरीचं बिल वाण्याकडे वळतं, वाण्याची वही सगळ्यांची बँक. कुणी क्रिप्टो म्हणलं नाही का लेट्स म्हणलं नाही. बिटकॉइन म्हणजे काय ते गावाला नंतर कळलं, एकाचे पैसे बुडाल्यावर.

सातोशीचा_भाऊ
ते बिटकॉइन नसतं हो, दुप्पट करून देतो म्हणणारी चेन स्कीम असते, नाव बिटकॉइनचं वापरतात!

कोल्हापुरी_चप्पल
गावाला तेवढा फरक समजावायला या एकदा. जेवण घालतो. इर्जिक समजा.

मीनलताई
प्रज्ञाच्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही, धागा कुठल्या कुठे ऑस्ट्रियाला गेला. आणि माझा आणखी एक. तास कोण कमावणार? बायकाच. पोरं सांभाळा, पोळ्या लाटून द्या, आजींना दवाखान्यात सोबत. आणि खर्च कोण करणार, तर घर. म्हणजे नवऱ्याच्या गाडीचं काम बायकोच्या पुरणपोळीवर. खातं घराचं नको, माणसाचं हवं.

व्हँकुव्हरची_वैदेही
ताई, नेमकं याच विचारातून जपानमध्ये मिझुशिमा तेरुको या गृहिणीने १९७३ मध्ये ओसाकाला श्रमदान बँक काढली होती. बायकांच्या वेळेची कुठेच नोंद होत नाही, तो जमा करून ठेवता आला तर म्हातारपणी किंवा बाळंतपणात काढता येईल, असा विचार. सगळ्यांचा तास सारखा.

निवांत_डॉक्टर
सगळ्यांचा तास सारखा हे ऐकायला गोड आहे. मी संध्याकाळी सोसायटीत तासभर पेशंट बघितले तर रांग लागेल, आणि बदल्यात मला काय, कुणी तासभर कुत्रं फिरवून देणार? माझ्याकडे कुत्रं नाही. दोन महिन्यांत माझ्या खात्यात साठ तास आणि वापरायला जागा नाही.

प्रज्ञा_स
डॉक्टर, मग बघू नका की पेशंट. त्यांचे रुपये घ्याच. तुम्ही तासांत मुलांना बुद्धिबळ शिकवा. जे काम बाजारात विकलं जातं ते रुपयात राहू दे, जे विकायला लाज वाटते किंवा विकत मिळतच नाही तेवढंच तासांत आणा, भांडणच मिटलं. आणि मावशींचं काम रुपयातच.

निवांत_डॉक्टर
बुद्धिबळ चालेल. हरणाऱ्याचा तास कापायचा का?

अनुजा_नाशिक
इतकं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. काल आम्ही पाचजणं बसलो आणि कुपनं रद्द केली (शिक्क्याची ऑर्डर दिली होती, ती सेक्रेटरींना सांगून थांबवली, ते जरा खट्टू झालेत). आता असं ठरतंय: एकच गूगल शीट, सगळ्यांना दिसेल, सगळे शून्यावर. कुणीही वजा सहाच्या खाली जायचं नाही, आणि अधिक पंधराच्या वर गेलं तर पुढचे तास मोजायचे नाहीत, म्हणजे साठवून बसणाऱ्याला उपयोग नाही. खातं माणशी, मीनलताईंमुळे. मावशी आणि वॉचमनकाका यांना हवं असेल तर सभासद, पण त्यांचं पगाराचं काम यात येणार नाही, सुट्टीच्या वेळेतलं त्यांनी स्वतःहून दिलं तरच. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, मला इंग्रजीचा फॉर्म भरून देणारं माणूस पाहिजे, बदल्यात मी मेथी निवडून देईन. गणिताचे सर हो म्हणालेत, पण सकाळी अकराच्या आत नाही.

वात्रट_मुलगा
पुरणपोळीचा तास कसा मोजणार? डाळ भिजत घातल्यापासून की लाटायला घेतल्यापासून?

मीनलताई
हाताने करशील तेव्हा कळेल. ओट्यापाशी उभं राहिल्यापासून.

सीए_आहे_पण
शीट ठीक आहे. फक्त सोसायटीच्या हिशेबात, मिनिट्समध्ये, मेंटेनन्सच्या बिलात याचा उल्लेख नको. 'मेंटेनन्स तासांत भरता येईल' असा ठराव कुणीतरी नक्की आणेल, तो हाणून पाडा.

बाझेलकर
आणि नेमका तोच ठराव झाला असता तर तास धडाक्यात चालले असते. व्योर्गल!

सीए_आहे_पण
बाझेलकर, तुम्ही बाझेललाच बरे आहात.

सुधीरकाका
अनुजाताई, माझा एक प्रश्न अजून उभाच आहे. तुमच्याकडे भाडेकरू असतीलच, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. वजा सहा घेऊन एखादा सामान हलवायला लागला तर?

अनुजा_नाशिक
त्यावर काल अर्धा तास भांडलो. भाडेकरू नकोत म्हणणारेही होते, पण सगळ्यात जास्त गरज त्यांनाच असते, गावाहून आलेली तरुण जोडपी, लहान बाळं. शेवटी ठरलं की भाडेकरूंची मर्यादा वजा तीन, पहिले दोन तास आधी द्यायचे मग घ्यायचे, आणि गेलेच तर ते तीन तास आम्ही पाचजणं मिळून सोडून देणार. एका जोडप्याने कालच नाव दिलंय. तो मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या दारात आधीच चार काकू उभ्या आहेत.